लेंकरूं आईच्या ओटींत

शास्त्रपाठ : निर्गम २ : १-१०, लूक ७ : ११-१५



नदीच्या कांठीं लव्हाळ्यांत ठेवलेल्या पेटाऱ्याची गोष्ट आपल्या शाब्बाथ शाळेंतील लहान मुलांसही तोंडपाठ आहे. परंतु तिच्यांत एक बारीक गोष्ट अशी आहे कीं, ती आपण पुष्कळदां न पाहतांच पुढें जातों. फारोची कन्या स्नानास आली, तिनें रडणारें बाळ पाहिलें, आणि तिचें अंतःकरण द्रवलें. बाळ परक्या लोकांचें, दासांच्या वस्तींतलें, आणि तिच्याच बापाच्या हुकुमानें मरणास नेमलेलें होतें. हें तिनें ओळखलें, तरी हात मागें घेतला नाहीं. इतक्यांत बाळाची बहीण धीर करून पुढें झाली व दाई बोलावून आणण्याविषयीं तिनें विचारिलें. राजकन्येनें होकार दिला, आणि ती मुलगी गेली ती थेट बाळाच्या आईलाच घेऊन आली. राजकन्येनें बाळ त्या बाईच्या हवालीं केलें आणि तें सांभाळण्याबद्दल तिला मजुरी ठरवून दिली.

प्रियांनो, येथें क्षणभर थांबा. दया करणारी परकी, ऐश्वर्यांत वाढलेली. परंतु तिचा पैसा खर्च झाला तो बाळाला त्याच्या आईच्याच ओटींत वाढविण्यासाठीं. पुढें तो मुलगा राजवाड्यांत गेला हें खरें; पण त्याचीं कोंवळीं वर्षें आईपाशीं गेलीं, आणि मोठेपणीं आपले भाऊबंद कोण हें तो विसरला नाहीं. परदेशीयानें गरिबाच्या लेंकराला कसें साह्य करावें, ह्याविषयींचा हा एक मोठा धडा आहे, आणि आज आपल्या मंडळ्यांस त्याची फार गरज आहे.

प्रथम आपण उपकार स्मरूं या. परक्यांच्या दयेचें ऋण ज्यांच्या माथीं आहे अशांत आपली गणना पहिल्यानें होते. १८९६-९७ चा आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ ह्या प्रांतावर आला, तेव्हां खेड्यापाड्यांतून आईबाप मेले व मुलें रस्त्यावर राहिलीं. त्या वेळीं अमेरिकेंतील साध्यासुध्या लोकांनीं वर्गण्या गोळा केल्या, आणि १९०० सालीं ‘क्विटो’ नांवाचें जहाज मका भरून मुंबईच्या बंदरास लागलें. मिशनांनीं शेंकडों पोरक्या मुलांस आसरा दिला. पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून व पुढें गुजराथेंतून दुष्काळपीडित मुली व विधवा आणून केडगांवीं मुक्तिसदन भरविलें. तेथील संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. रमाबाईंच्या मदतीस १८९८ सालीं मिनी अब्रॅम्स नांवाची अमेरिकन बाई आली आणि तेथेंच कामाला लागली. आपल्या मिरजेचें उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. डॉक्टर वॉन्लेस हे १८८९ सालीं ह्या देशांत आले, १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें, आणि जवळजवळ चाळीस वर्षें त्यांचे हात येथील रोग्यांच्या सेवेंत राहिले.

ह्या मंडळींत दोन गुण होते, ते ध्यानांत ठेवा. पहिला गुण असा कीं, ते आले ते राहण्यासाठीं आले. त्यांनीं आपली भाषा शिकून घेतली, आपलें ऊन सोसलें, प्लेगच्या दिवसांत पळून गेले नाहींत. दुसरा गुण असा कीं, जें काम येथें कोणास येत नव्हतें तें ते शिकून आले होते, व येथील माणसांस तें शिकवून गेले. मिरजेस रुग्णालयाला जोडून वैद्यकाची शाळा निघाली. सांगलीस मिशनच्या शाळेंत मुलांच्या हातीं सुताराचीं हत्यारें व शेतीचीं अवजारें आलीं. आणखी हेंही लक्षांत घ्या कीं, त्या दुष्काळांतील पुष्कळ मुलांना खरोखरच कोणी उरलें नव्हतें.

आतां आजची स्थिति पाहूं. संपन्न देशांतील तरुण स्त्रीपुरुष, बहुधा चांगल्या अंतःकरणानें, सुटीचे दोन-तीन आठवडे काढून आशिया व आफ्रिका खंडांतील अनाथाश्रमांत सेवा करावयास येतात. त्यांना तेथें पोंचविणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्या सेवेबद्दल त्या तरुणांकडूनच पैसे घेतात. ते येतात, मुलांस कडेवर घेतात, गाणीं शिकवितात, छायाचित्रें काढितात, आणि डोळे पुसत परत जातात. दुसऱ्या आठवड्यांत दुसरे येतात. ह्यांत वाईट तें काय, असें कोणी विचारील. तर ऐका.

कंबोडिया देशांत २००५ ते २०१० ह्या पांच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या शेंकडा ७५ नीं वाढली. त्या काळांत तेथें दुष्काळ पडला नव्हता, कीं लढाई झाली नव्हती. वाढले होते ते पाहुणे आणि देणग्या. आणि त्या आश्रमांतील दर चार मुलांपैकीं सुमारें तिघांचे आई किंवा बाप जिवंत होते! नेपाळांत हुमल्यासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून शिक्षणाच्या आशेनें मुलें काठमांडूस नेण्यांत आलीं आणि आईबाप असतांना अनाथ म्हणून दाखविण्यांत आलीं. जेथें दाणे टाकले जातात तेथें पांखरें जमतात; आणि पांखरें जमलीं नाहींत तर लोभी मनुष्य तीं पकडून आणितो. ह्याच कारणानें ऑस्ट्रेलिया देशानें २०१८ सालीं गुलामगिरीविरुद्ध कायदा केला त्या वेळीं, आश्रम भरण्यासाठीं मुलें आणणें हा माणसांचाच व्यापार आहे, असें तेथें उघडपणें मान्य करण्यांत आलें. २०१९ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेनेंही ठराव करून, आईबापांपासून तुटलेल्या मुलांविषयीं बोलतांना, अनाथाश्रमांतील अशा स्वयंसेवेपासून होणाऱ्या हानीकडे सर्व राष्ट्रांचें लक्ष वेधिलें.

दुसरी हानि मुलाच्या अंतःकरणाची. आपण शेतकरी आहों. आपणांस हें सांगावयास नको. वाफ्यांतलें वांग्याचें रोप एकदां उपटून सरींत लाविलें तर तें जोर धरितें. पण तेंच दर पंधरा दिवसांनीं उपटून नव्या जागीं लावीत गेलें, तर कितीही पाणी घाला, त्याला मूळ धरवत नाहीं. मुलाचें प्रेम हें त्याचें मूळ आहे. एक गोरी ताई आली, तिनें जीव लाविला, ती गेली. दुसरा दादा आला, तोही गेला. असें दहा वेळां झाल्यावर तें मूल कोणाही अनोळखी माणसाकडे धांवत जातें, त्याच्या गळ्यांत पडतें, आणि पाहुणे म्हणतात, पाहा, किती माया आहे ह्याला! परंतु ज्याला घर आहे असें मूल अनोळख्याला पाहून आधीं आईचा पदर धरितें. जें कोणाच्याही गळ्यांत पडतें त्याला धरावयास पदर नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. रुमानिया देशांत २००० सालीं विद्वान वैद्यांनीं १३६ लहान मुलांचा अभ्यास आरंभिला. तीं सर्व मुलें बालगृहांतलीं होतीं. त्यांतील निम्मीं मुलें कुटुंबांत सांभाळावयास दिलीं, आणि पुढें वर्षानुवर्षें सर्वांची पाहणी केली. जीं कुटुंबांत गेलीं, विशेषतः दोन वर्षांचीं होण्यापूर्वीं गेलीं, त्यांची बुद्धि व स्वभाव हीं पुष्कळ बरीं वाढलीं. मुलास छप्पर व अन्न पुरत नाहीं. त्याला आपलें म्हणणारें एक माणूस लागतें.

आतां शास्त्राकडे वळूं. एलीया संदेष्टा परक्या देशांत, सारफथ गांवीं, एका विधवेच्या घरीं राहिला. तिचा मुलगा मेला तेव्हां संदेष्ट्यानें प्रार्थना करून त्याला जिवंत केलें. मग काय केलें? त्याला आपला शिष्य म्हणून घेऊन गेला काय? नाहीं, माडीवरून खालीं आणून आईच्या हातीं दिलें. अलीशाकडे एक विधवा रडत आली. सावकार तिचे दोन मुलगे दास करून नेणार होता. अलीशानें त्या मुलांसाठीं आश्रम उघडला नाहीं. तिच्या घरांत काय आहे हें त्यानें विचारिलें, जें थोडें तेल होतें तेंच वाढविलें, कर्ज फेडविलें, आणि उरलेल्यावर आई व मुलें एकत्र राहतील असें केलें. आणि नाईन गांवाच्या वेशीपाशीं आपल्या प्रभूनें तिरडी थांबविली. मरणाच्या दाढेंतून सोडविलेल्या त्या तरुणावर प्रभूपेक्षां अधिक हक्क कोणाचा? तरी त्यानें त्याला आपल्या मागें चालावयास सांगितलें नाहीं. त्याच्या आईच्या स्वाधीन केलें. तीन वेळां तीच गोष्ट! अडसष्टाव्या स्तोत्रांत देवाला पोरक्यांचा पिता म्हटलें आहे, आणि लगेच पुढच्याच वचनांत, तो एकट्या पडलेल्यांस घर देतो, असें सांगितलें आहे. त्याच्या दयेचा कल हा असा घराकडे आहे.

बंधूंनो, हें सर्व दूरच्या देशांचें आहे असें समजूं नका. माण-खटावच्या माळावर व जत-आटपाडीच्या शिवारांत पाऊस दगा देतो. ऊसतोडीच्या हंगामांत कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या जोडप्याला, मुलें कोणापाशीं ठेवावीं, ही चिंता असते. २०२० व २०२१ सालच्या साथीनें कित्येक घरांतील कर्ता माणूस नेला. अशा वेळीं समजा, एखाद्या विधवेच्या दाराशीं गाडी थांबते. कोणी गोड बोलणारा गृहस्थ उतरतो. मोठ्या शहरांत वसतिगृह आहे, इंग्रजी शाळा आहे, सर्व फुकट आहे, परदेशांतले साहेब लोक खर्च करितात, असें सांगतो. प्रभूचें नांवही घेतो. ती एका कागदावर अंगठा उठविते. त्या कागदावर काय लिहिलें आहे हें तिला कोणी वाचून दाखवीत नाहीं. त्या दिवसापासून तिचें मूल पाहुण्यांना अनाथ म्हणून दाखविलें जाईल, आणि आपली आई मेली आहे असें सांगावयास तें शिकेल. उपदेशक बंधूंनो, ही सही होत असतांना त्या उंबरठ्यावर तुम्हीं उभें असलें पाहिजे.

कोणी म्हणेल, मग आपल्या मुलांनीं बाहेर शिकूंच नये काय? शिकावें, अवश्य शिकावें. वसतिगृह निराळें आणि अनाथालय निराळें. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं कऱ्हाडाजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था काढिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह चालू केलें. तेथें सर्व जातींचीं गरीब मुलें एका पंक्तीस जेवलीं व श्रम करून शिकलीं. धान्य संपलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं आपलें मंगळसूत्र मोडलें. परंतु त्या मुलांचे आईबाप मेले आहेत असें कोणीं कधीं सांगितलें नाहीं. तीं खेड्यांतल्या शेतकऱ्यांचीं मुलें म्हणूनच राहिलीं व शिकून आपल्या लोकांच्या उपयोगीं पडलीं. आणखी मागें जा. सातारा जिल्ह्यांतील नायगांवची लेंक सावित्रीबाई फुले हिनें एका विधवेच्या पोटच्या मुलास आपल्या घरांत आणिलें, त्याला यशवंत हें नांव व आपलें आडनांव दिलें आणि डॉक्टर केलें. त्याला तिनें आई दिली.

आणि २०११ सालचीही एक गोष्ट सांगतों. ह्याच सातारा जिल्ह्यांत ‘नकुशी’ ह्या नांवाच्या २८५ मुली आढळल्या. मुलगा हवा असतां मुलगी झाली म्हणून नको असलेली, असा त्या नांवाचा अर्थ! त्या वर्षीं ऑक्टोबरांत समारंभ करून त्यांना नवीं नांवें देण्यांत आलीं. त्या मुलींना कोणी उचलून आश्रमांत नेलें नाहीं. नांव बदललें, घर तेंच राहिलें. आणि घरानेंही बदलावें, अशी अपेक्षा होती. नको असलेल्या लेंकराची खरी सोडवणूक त्याच्या घरच्यांचें मन वळविल्यानें होते.

मग आपण काय करावें?

पहिली गोष्ट, बाहेरून येणाऱ्या पाहुण्याविषयीं. त्याचा अनादर करूं नका. त्याची दया देवानें दिली आहे. परंतु मुलांना रांगेंत उभें करून त्याच्यापुढें गाणीं म्हणावयास लावूं नका. त्याला काय येतें हें विचारा. तो वैद्य असेल तर आपल्या परिचारिकांस शिकवो. इंजिनियर असेल तर विहीर पाहो. शिक्षक असेल तर आपल्या शिक्षकांबरोबर बसो. जें काम येथला मनुष्य करूं शकतो तें त्याच्याकडून काढून पाहुण्यास देऊं नका. मुलांजवळ ज्याला राहावयाचें आहे त्याची पूर्वीची वागणूक पोलिसांच्या दाखल्यानें तपासल्यावांचून त्याला एकांतांत मुलांजवळ जाऊं देऊं नका, मग तो किती का मोठ्या मंडळीचें पत्र आणीना. हाच नियम आपल्या तरुणांसही आहे, कारण आतां आपलींही मुलेंमुली सेवेसाठीं दूर देशीं जातात. तरुणांनो, जाण्यापूर्वीं स्वतःस विचारा : मी परतल्यावर तेथें काय उरेल? माझीं छायाचित्रें माझ्यापाशीं राहतील. त्या आईपाशीं काय राहील?

दुसरी गोष्ट, उपदेशकांनीं कायदा जाणावा. २०१५ सालच्या बाल न्याय कायद्यानें मुलाला संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय ठरविला आहे. अशी प्रत्येक संस्था नोंदलेली असली पाहिजे. नोंदणीवांचून ती चालविणें हा गुन्हा आहे. मूल टाकलेलें किंवा पोरकें आढळलें तर तें आपल्या मनानें कोणाच्या हवालीं करूं नये. जिल्ह्याची बालकल्याण समिति आहे, तिला चोवीस तासांच्या आंत कळवावें. १०९८ ह्या क्रमांकावर फुकट दूरध्वनि करितां येतो. एक पालक गमावलेल्या मुलाला घरींच ठेवून वाढवितां यावें म्हणून आपल्या राज्यांत बालसंगोपन योजना आहे. २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये करण्यांत आली. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेंतही पात्र मुलास दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. आपल्या गांवांतील किती विधवांनीं हा अर्ज केला आहे? आधार, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला हे कागद गोळा करून तिच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणीं जाणें, ही देखील शुभवर्तमानाचीच सेवा आहे. फारोच्या कन्येनें आईला जी मजुरी दिली, तीच ही मजुरी समजा.

तिसरी गोष्ट, मंडळीविषयीं. आणि ही सर्वांत जड आहे. आपल्यांतील कित्येक कामें परदेशच्या देणग्यांवर चाललीं आहेत, आणि देणगीदाराला मुलाचें चित्र पाहिलें म्हणजे लवकर दया येते. विधवेला शेळी घेऊन दिली, शिवणयंत्र दिलें, शाळेची फी भरली, तर तिचें चित्र तितकें हृदयद्रावक निघत नाहीं. म्हणून आश्रम चालविणाऱ्या बंधूंस मी आर्जवून सांगतों : आपल्या वहींतील प्रत्येक मुलाचें नांव काढा, आणि त्याच्यापुढें लिहा कीं, ह्याची आई कोठें आहे, मामा कोठें आहे, आजी कोठें आहे. मुलांस एका दिवसांत दाराबाहेर काढा असें मी म्हणत नाहीं. तें क्रूरपणाचें होईल. परंतु ज्याचें घर सांपडतें त्याला, समितीच्या संमतीनें व आधार देऊन, हळूहळू घरीं पोंचवा. ज्याचें खरोखर कोणीच नाहीं त्याच्यासाठीं कायद्यानें दत्तक जाण्याची किंवा पालक-कुटुंबाची वाट आहे. आणि त्या वाटेवर आपल्या मंडळींतील दहा घरें कां उभीं राहूं नयेत? ज्यांना तसेंही घर मिळत नाहीं त्यांच्यासाठीं लहान व प्रेमळ बालगृहें लागतीलच. त्यांना आपण हात देऊं.

देणगी थांबेल, अशी भीति कोणास वाटेल. परंतु देणगीदारास खरें सांगा. ज्यानें मुलावर दया केली तो मुलाच्या आईवरही करील. आणि जो केवळ चित्रासाठीं देतो त्याच्या पैशावर मंडळी किती दिवस उभी राहणार? १९१७ सालीं कविवर्य नारायण वामन टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास देवाचा दरबार मांडिला, तो ह्या देशाच्या लोकांनीं ख्रिस्ताची सेवा आपल्या पायांवर उभें राहून करावी म्हणून. घराघरांतून दळणाच्या वेळीं मूठभर जोंधळा बाजूस ठेवा. महिन्याला एक पोतें भरलें तरी एका घराची चूल पेटती राहील, आणि एक लेंकरूं आपल्या आईच्या कुशींत निजेल. पौल तीमथ्याला लिहितांना हेंच बजावितो कीं, घरच्यांनीं घरच्यांस आधी सांभाळावें, आणि मंडळीनें खरोखर निराधार असलेल्यांस.

शेवटीं एवढेंच. याकोबानें शुद्ध धर्माची खूण सांगतांना पोरके आणि विधवा ह्यांचीं नांवें एकत्र घेतलीं आहेत. आपण बहुधा त्यांस वेगळें करितों. पोरक्याला आश्रमांत ठेवितों आणि विधवेला गांवांत सोडून देतों. देवानें ज्यांचीं नांवें एका ओळींत घेतलीं त्यांस आपण दोन ठिकाणीं करूं नये. आपण स्वतः परके व पोरके होतों. प्रभूनें आपल्याला दुरून येऊन, पाहून, चित्र घेऊन परत गेलेल्या पाहुण्यासारखें केलें नाहीं. तो आपल्यांत वस्तीस राहिला, आणि आपल्याला आपल्या पित्याच्या घरीं नेऊन पोंचविलें. त्याचे म्हणविणाऱ्यांनींही तसेंच करावें.

प्रार्थना : हे पोरक्यांच्या पित्या, सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील तुझ्या लेंकरांवर कृपादृष्टि ठेव. ज्यांस आई आहे त्यांस आईपाशीं राहूं दे. ज्यांस कोणी नाहीं त्यांच्यासाठीं आमच्या घरांचीं दारें उघड. दूर देशांहून येणाऱ्या दयाळू जनांस ज्ञान दे, आणि आम्हांस आळसापासून व लोभापासून राख. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नांवानें मागतों. आमेन.